पत्रा, प्रायमर, ओरखडा

चित्रपटाच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला धातू मुळात लाकडाचा भुसा होता. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ १९२७ साली बर्लिनमध्ये झळकला आणि त्यातली चकचकीत यंत्रस्त्री तेव्हापासून आजतागायत पोस्टरांवर उभी आहे. तिचं अंग घडवलं वॉल्टर शुल्झे-मिटेनडॉर्फ या शिल्पकाराने. खरा पत्रा ठोकून पोशाख केला असता तर आतल्या नटीला धड हलताही आलं नसतं. म्हणून त्याने ब्रिगिटे हेल्म या नटीच्या अंगाचा साचा घेतला, त्यावर ‘प्लास्टिक वूड’ थापलं. हे म्हणजे सुतार भेगा बुजवायला वापरतात त्या जातीचं, भुशाचं लुकण. ते वाळल्यावर कापून, घासून त्याचे चिलखतासारखे तुकडे केले आणि वरून चंदेरी-ब्राँझ झाकेचा रंग फवारला. एवढंच. पडद्यावर मात्र ते पोलादच वाटतं, कारण डोळा पदार्थाची जात तपासत नाही. तो फक्त प्रकाश कसा परततो ते बघतो.

आज मुंबई-पुण्यात संगणकावर रोबो रंगवणारी मुलंमुली हेच काम करतात. त्यांच्याकडेही धातू नसतो. असते एक राखाडी आकृती. मॉडेल घडवणाऱ्याने आकार पक्का करून फाईल पुढे सरकवली की ती टेक्स्चरिंगवाल्याच्या पडद्यावर उघडते, तेव्हा खांदा, बोटं, डोळ्यांच्या काचा, पायाचे रबरी तळवे, सगळं एकाच निर्जीव मातीचं दिसतं. त्यातला कुठला भाग पत्र्याचा, कुठला प्लास्टिकचा, कुठे रंग उडालाय, कुठे तेल ओघळलंय हे ठरवायचं असतं. बाहेरच्या माणसाला हे काम ‘रंग भरणं’ वाटतं, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना तसं सांगितलं तर त्यांचं समाधानही होतं. प्रत्यक्षात हे काम चरित्रलेखनाच्या जवळ जातं. माणसाच्या पात्राला चेहरा असतो, भुवया असतात, आवाजाचा चढउतार असतो. रोबोला पुष्कळदा तोंडच नसतं. तो कुठे राबला, किती वेळा आपटला, त्याला कोणी पुसतं की नाही, हे सगळं त्याच्या अंगावरच लिहावं लागतं.

लिहायचं कसं, ही अडचण एड कॅटमलने १९७४ साली युटा विद्यापीठातल्या आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात सोडवली. पुढे पिक्सार उभी करणारा तोच हा कॅटमल. त्याची युक्ती अशी की त्रिमितीतल्या वस्तूवर सपाट चित्र गुंडाळायचं. पण गुंडाळायच्या आधी वस्तूची कातडी सोलून सपाट करावी लागते. शिवलेला सदरा उसवून त्याची पाठ, बाह्या, कॉलर शिंप्याच्या टेबलावर वेगवेगळी पसरावी, तसं रोबोचं अंग उसवून चौकोनात मांडतात. त्याला यूव्ही उलगडणं म्हणतात. कंटाळवाणं काम आहे, आणि त्याची शिवण चुकीच्या जागी आली तर पुढे कितीही सुंदर गंज रंगवा, छातीच्या मधोमध तो कापल्यासारखा दिसतो. शिवण काखेत, मांडीच्या आत, कॅमेऱ्याची नजर जाणार नाही तिथे लपवायची. रोबोच्या बाबतीत एक सोय आहे. त्याच्या अंगाला मुळातच सांधे आणि पट्ट्या असतात, म्हणून शिवणी लपवायला जागा भरपूर.

दुसरी गोष्ट केन पर्लिनची. १९८२ च्या ‘ट्रॉन’ या चित्रपटासाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका कंपनीत तो होता. संगणकाने काढलेली प्रत्येक वस्तू अति गुळगुळीत, अति यंत्रवत दिसते याचा त्याला वैताग आला. त्यातून त्याने गणिती ‘नॉइज’ शोधून काढला. संगमरवराच्या शिरा, ढग, धूर, मातीचे डाग अशा निसर्गातल्या अनियमिततेचा भास करून देणारी ही रीत. १९९७ साली त्याला त्यासाठी ऑस्करचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. यंत्रवतपणाचा कंटाळा येऊन जन्मलेलं हे गणित आज जगातल्या जवळपास प्रत्येक डिजिटल यंत्रमानवाच्या अंगावर मळ म्हणून फासलेलं असतं. पर्लिन यावर हसत असेल.

तिसरा टप्पा अलीकडचा, आणि आजच्या कामावर त्याचीच सर्वाधिक सत्ता आहे. ‘रेक-इट राल्फ’ (२०१२) करताना डिस्नेच्या ब्रेंट बर्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खऱ्या पदार्थांची मोजमापं घेऊन ठेवलेला एक साठा तपासला. त्यात शंभर पदार्थ प्रकाश कसा परतवतात याची नोंद होती. त्यावरून त्यांनी कलाकारांना झेपेल असं एक सूत्र बसवलं. एक मूळ रंग आणि बाकी दहा सरकपट्ट्या, बहुतेक शून्य ते एकच्या मधल्या. भौतिकशास्त्राचं काटेकोर पालन करण्यापेक्षा चित्रकाराच्या हाताला सवय होईल हे त्यांनी महत्त्वाचं मानलं, आणि माझ्या मते म्हणूनच ते सूत्र टिकलं. ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते २०१७ साली आलं. सांगली-साताऱ्यातल्या मुलाच्या लॅपटॉपवर आज डिस्नेच्याच जातीच्या सरकपट्ट्या आहेत.

त्या पट्ट्यांत एक आहे ‘मेटॅलिक’. शून्य म्हणजे अधातू, एक म्हणजे धातू. नवखे इथेच घसरतात. रोबो लोखंडाचा, म्हणून पट्टी सरसकट एकावर. पण रंगवलेलं लोखंड डोळ्यांच्या दृष्टीने लोखंड राहतच नाही. वरचा थर रंगाचा, म्हणजे अधातू. गंजलेलं लोखंडही धातू उरत नाही, कारण गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड आणि तेही अधातूच. पूर्ण रंगवलेल्या आणि गंजलेल्या रोबोच्या अंगावर खरा धातू फक्त ताज्या ओरखड्यात दिसतो. तिथे ही पट्टी एकावर, दोन मिलिमीटर बाजूला शून्यावर. मधली ०.५ ची किंमत निसर्गात जवळपास नसतेच, आणि ज्याच्या मॉडेलवर ती मोठ्या भागात पसरलेली असते त्याचा रोबो कशाचा बनलाय हे कुणालाच सांगता येत नाही.

धातूची दुसरी खोड म्हणजे त्याला स्वतःचा असा रंग फारसा नसतो. सोनं आणि तांबं परतणाऱ्या प्रकाशाला आपली झाक देतात, पण पोलाद, चांदी, ॲल्युमिनियम हे आजूबाजूचं जे असेल ते दाखवत बसतात. याचा सगळ्यात गमतीदार पुरावा ‘स्टार वॉर्स’मध्ये आहे. राल्फ मॅक्वारीने काढलेला सी-थ्रीपीओ हा सोनेरी रोबो ‘मेट्रोपोलिस’च्या त्या यंत्रस्त्रीचाच थेट वंशज. १९७७ च्या चित्रपटात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चंदेरी आहे. कोट्यवधी लोकांनी तो सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिला आणि त्यातल्या फार थोड्यांच्या हे लक्षात आलं. वाळवंटातली पिवळी वाळू आणि शेजारचा सोनेरी पाय त्या चंदेरी नडगीत उतरले आणि तीही सोनेरी झाली. पण एकदा कळल्यावर तो पाय डोळ्यांपुढून हलत नाही. हा पाय कधी तुटला? कोणी बदलला? सोनेरी सुटा भाग मिळाला नाही का? चित्रपट एका शब्दाने काही सांगत नाही. एका नडगीच्या रंगाने सी-थ्रीपीओला भूतकाळ मिळाला. २०१५ च्या भागात तो लाल डाव्या हाताने अवतरला तेव्हा मात्र तो फरक सगळ्यांनी पाहिला आणि त्यावर चर्चा झडल्या. मला जुना पाय अधिक आवडतो. त्याला आपल्याकडे बघा म्हणायची घाई नाही.

आता मूळ रंगाकडे येऊ. इथे सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण पिक्सारच्या ‘वॉल-ई’चं (२००८), कारण त्यात नायक आणि नायिका दोघंही रोबो आहेत, दोघंही जवळजवळ मुके आहेत आणि त्यांच्यातला सगळा फरक पृष्ठभागाचा आहे. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटनला वॉल-ईचा चेहरा बेसबॉलच्या सामन्यात हाती आलेल्या दुर्बिणीतून सुचला हे पुष्कळांना माहीत असतं. रंगाबद्दल मात्र कमी बोललं जातं. वॉल-ई पिवळा आहे. हा पिवळा सूर्यफुलाचा नव्हे. अमेरिकेतल्या कॅटरपिलर कंपनीने १९३१ साली आपली यंत्रं पिवळ्या रंगात काढायला सुरुवात केली. रस्त्याचं काम चालू असताना ती लांबून दिसावीत हा हेतू. पुढे मातीत हात घालणाऱ्या यंत्रांचा जगभर तोच गणवेश झाला. आपल्याकडे खोदणाऱ्या कुठल्याही यंत्राला ‘जेसीबी’च म्हणतात आणि त्या शब्दाबरोबर डोळ्यांसमोर पिवळाच येतो. वॉल-ई पडद्यावर आल्या क्षणी, एक शब्द न बोलता, आपल्याला कळतं की हा मजूर आहे. कारखान्यातले खरे यंत्रहातही असेच रंगाने ओळखू येतात. जपानी फानुकचे पिवळे, जर्मन कुकाचे नारिंगी. रोबोला रंग देताना पहिला प्रश्न सौंदर्याचा नसतो. तो कोणाच्या पगारावर आहे, हा असतो.

नायिका ईव्हचा पांढरा तर सरळ दुकानातून आलेला आहे. स्टँटनला ती ॲपलच्या वस्तूंसारखी हवी होती, आणि त्या वस्तूंचा रचनाकार जॉनी आइव्ह पिक्सारमध्ये येऊन तिचं प्रारूप बघून गेला. तिला सांधा नाही, स्क्रू नाही, हात अंगापासून सुटे तरंगतात. कागदावर हे सोपं वाटतं. टेक्स्चरिंगवाल्याच्या दृष्टीने अशी बाई म्हणजे परीक्षा आहे, कारण लपायला जागाच नाही. वॉल-ईच्या अंगावर एखादा डाग चुकला तर दुसऱ्या डागात मिसळून जातो. ईव्हच्या अंगावर काही नसल्यामुळे जे आहे ते सगळं दिसतं. शुद्ध पांढरा तर वापरताच येत नाही. ताजा बर्फसुद्धा पडलेल्या प्रकाशातला सुमारे ८० ते ९० टक्केच परत देतो. कोळसाही पूर्ण काळा नसतो, चारेक टक्के तोही परतवतो. ज्याने सरकपट्टी पूर्ण टोकाला नेली त्याचा पांढरा रोबो ट्यूबलाइटसारखा स्वतःच उजळतो आणि त्याची गोलाई नाहीशी होते. पांढऱ्याला आकार येतो तो सावलीतल्या करड्या छटांनी आणि कडेच्या चकाकीने.

कडेच्या चकाकीचंही गणित आहे. तळ्याच्या काठी उभं राहून पायाशी पाहिलं तर पाण्याचा तळ दिसतो, लांब पाहिलं तर आकाश दिसतं. पाणी तेच, नजरेचा कोन बदलला. हा नियम एकोणिसाव्या शतकात फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूत्रात बसवला. रंग, प्लास्टिक, काच यांच्याकडे समोरून बघितलं तर ते जेमतेम चार टक्के प्रकाश आरशासारखा परततात, पण अगदी तिरपं बघितलं तर जवळपास सगळा. ईव्हच्या अंड्यासारख्या अंगाभोवती जी पातळ उजळ रेघ दिसते ती रंगवून आलेली नाही. ती फ्रेनेलने दिली आहे.

आणि या दोघांच्या भोवती रंगांची आखणी होती राल्फ एगलस्टनची. अख्खा चित्रपट छोट्या छोट्या रंगीत चित्रांच्या ओळीत आधीच मांडून बघायचा, याला कलर स्क्रिप्ट म्हणतात. ‘टॉय स्टोरी’पासून (१९९५) पिक्सारमध्ये ही रीत त्यानेच रुजवली. ‘वॉल-ई’चा सुरुवातीचा भाग बघा. धूळ, तांबूस आकाश, गंज, कचऱ्याचे मनोरे. हिरवा रंग जवळजवळ नाही. मग एका जुन्या फ्रीजच्या आत एक एवढंसं रोप सापडतं. पिवळ्या रोबोच्या तळहातावर तो हिरवा ठिपका जो उठून दिसतो तो रोपाच्या रंगामुळे नव्हे. तोवर इतर कुणालाही हिरवं होऊ दिलं नाही म्हणून. विद्यार्थी रोबोच्या डोळ्यात निळा दिवा, छातीवर हिरवा, खांद्यावर लाल असे रंग उधळतात तेव्हा त्यांना हे दाखवावंसं वाटतं. इतके रंग उधळल्यावर त्या रोबोला रंगाने सांगण्यासारखं काही शिल्लकच राहत नाही.

इतकं रंगाबद्दल बोललो, पण या धंद्यात मुरलेल्या माणसाला एकच पट्टी ठेवायला सांगितली तर तो रंगाची ठेवणार नाही. ‘रफनेस’ची ठेवेल. पृष्ठभाग डोळ्याला न दिसणाऱ्या पातळीवर किती खडबडीत आहे, म्हणजे प्रकाश एकवटून परततो की विखुरतो, हे ती पट्टी ठरवते. काळा रबर, काळं पियानो पॉलिश आणि काळं ओलं डांबर यांच्या रंगात फारसा फरक नाही, सगळा फरक रफनेसचा आहे. तिचा नकाशा कृष्णधवल असतो आणि बघायला अगदी कळाहीन वाटतो, म्हणून नवखे तिकडे दुर्लक्ष करतात.

जेजुरीच्या गडावर मंदिरासमोर पितळी पत्र्याने मढवलेलं मोठं कासव आहे. येणारा प्रत्येक माणूस त्याला हात लावतो, कोणी त्यावर भंडारा उधळतो. टेक्स्चर शिकणाऱ्याने तिथे तासभर बसावं. जिथे हात पोहोचतात ते उंचवटे घासून झळझळीत होतात, जिथे बोट जात नाही त्या खोबणीत पितळ काळवंडतं आणि त्यावर हळदीचा पिवळा थर बसतो. धातू, काजळलेला धातू आणि अधातू भुकटी, तिन्ही गोष्टी एका वीतभर जागेत. हळद अजिबात चमकत नाही, घासलेलं पितळ आरसा होतं, आणि मधला काळपट भाग अर्धवट. या तीन रफनेसच्या किमतींवरून, कासव कधी न पाहिलेल्या माणसालाही सांगता येईल की इथे लोक येतात, कुठे हात लावतात आणि काय उधळतात. रोबोच्या अंगावर हेच करायचं असतं. दाराच्या मुठीसारखा भाग असेल तर तो हातांनी गुळगुळीत झालेला हवा. लहान मूल ज्या रोबोच्या खांद्यावर बसतं त्याच्या खांद्यावरचा रंग मॅट राहून चालणार नाही.

दुसरी शाळा गॅरेजची. डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये गाडीचा दरवाजा ज्या क्रमाने तयार होतो त्याच क्रमाने सबस्टन्स पेंटरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये थर चढवतात. खाली पत्रा, त्यावर रेड ऑक्साइड प्रायमर, त्यावर लांबी घासून सपाट केलेली, मग रंग, शेवटी क्लिअर कोट. आणि खरवड नेमकी उलट्या क्रमाने उघडी पडते. हलका चरा फक्त क्लिअर कोट घेऊन जातो, तो पांढुरका दिसतो. थोडा खोल गेला तर विटकरी प्रायमर डोकावतो. आणखी खोल गेला की पत्रा. पावसाळा गेला की त्या पत्र्यावर गंज, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे तो आजूबाजूचा रंग आतून उचलतो. म्हणून पोपडे धरतात. ज्याला हा क्रम माहीत नाही त्याचा ओरखडा म्हणजे पिवळ्या रंगावर मारलेली करडी रेघ असते. डोळ्याला कारण सांगता येत नाही, पण तो फसत नाही.

गंजाचेही नियम आहेत. पहिला, आधी पदार्थ ठरवा. ॲल्युमिनियमचा रोबो तांबडा गंजत नाही, त्यावर पांढुरकी राख चढते. तांबं हिरवटतं. दुसरा, पाणी खाली वाहतं. बोल्टच्या डोक्यातून निघालेला गंजाचा ओघळ जमिनीकडेच जाणार. पण रोबो वर्षभर पडून राहिला असेल तर ओघळ त्याच्या पाठीकडे जातील, आणि उभा राहिल्यावर ते आडवे दिसतील. एवढ्या एका तपशिलात तो कुठेतरी टाकून दिलेला होता हे कळतं. धूळ माथ्यावर आणि खांद्यांवर बसते, चिखल गुडघ्याखाली. ऊन लागतं तिथे रंग विटतो आणि पट्टीखाली झाकलेला भाग मूळ रंगाचा राहतो. मुंबईत रे रोडजवळ दारूखान्यात जुनी जहाजं तोडतात. कोकणच्या बंदरांत दुरुस्तीला वाळूवर ओढलेले ट्रॉलर असतात. खाऱ्या हवेतला गंज आणि देशावरचा गंज एकसारखा नसतो, आणि हे फरक इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार ‘रस्ट’ फोटोत सापडत नाहीत.

इथे माझी तक्रार आहे. हल्लीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की मॉडेलच्या सगळ्या बाहेरच्या कडा शोधून तिथला रंग उडवतं आणि सगळ्या खोबणींत मळ भरतं. ‘स्मार्ट मटेरियल’ म्हणतात त्याला. दहा सेकंदांत गुळगुळीत रोबो युद्धातून परतल्यासारखा दिसतो. पहिल्यांदा बघणारा थक्क होतो. दहाव्यांदा बघताना लक्षात येतं की सगळे रोबो एकाच युद्धातून परतले आहेत. प्रत्येकाच्या प्रत्येक कडेवर सारखीच झीज, डाव्या हाताला उजव्याइतकीच. माणूस काय, यंत्र काय, कोणीही दोन्ही बाजूंनी सारखं राबत नाही. मॉडेल आरशात पाहिल्यासारखं दोन्हीकडे सारखं असेल, काम सारखं नसतं. कुठल्याही स्टुडिओत कामं तपासणारा अनुभवी माणूस हे मॉडेल फिरवून पहिल्या चक्करीत पकडतो. बटण वाईट नाही. ते दाबल्यानंतर अर्धी झीज पुसायला बसतो तो कलाकार.

आकारमान हाही टेक्स्चरचाच मामला आहे. २००७ च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’मध्ये इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने ऑप्टिमस प्राइम १०,१०८ सुट्या भागांचा केला होता. दोन-तीन मजली रोबो मोठा वाटावा यासाठी त्याच्यावरचा तपशील बारीक ठेवावा लागतो. ओरखडा हाताएवढा जाड केला की तोच रोबो जत्रेतल्या खेळण्याएवढा होतो. शिवाय त्याच्या अंगावर ट्रकचा रंग फक्त बाहेरच्या पत्र्यांवर आहे, आतली यंत्रणा उघड्या धातूची. लाल पत्रा कुठे संपतो आणि करडं पोलाद कुठे सुरू होतं यावरून तो उलगडण्याआधी काय होता हे डोळा आपोआप जुळवतो.

आपल्याकडचं मोठं उदाहरण २०१० चा ‘एंधिरन’, हिंदीतला ‘रोबोट’. चिट्टीच्या यांत्रिक आकृत्या लॉस एंजेलिसच्या लेगसी इफेक्ट्सने केल्या, डिजिटल कामाची धुरा व्ही. श्रीनिवास मोहन यांच्याकडे होती आणि त्याला राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं. पण चिट्टी बहुतेक वेळ रजनीकांतच्या चेहऱ्याने वावरतो, आणि चेहरा मिळाला की पृष्ठभागाचं ओझं हलकं होतं.

उलट बेमॅक्सला चेहरा म्हणावा तर दोन ठिपके आणि एक रेघ. ‘बिग हिरो ६’ (२०१४) मधला हा फुगीर परिचारक कार्नेगी मेलन विद्यापीठात पाहिलेल्या हवा भरलेल्या यंत्रहातावरून सुचला, आणि त्याचा चेहरा जपानी घंटेवरून. त्याच्या पांढऱ्या विनाइलमधून प्रकाश थोडा आत झिरपतो. डिस्नेचा हायपेरियन हा रेंडरर, म्हणजे प्रकाशाचं गणित करून अंतिम चित्र काढणारी प्रणाली, याच चित्रपटापासून वापरात आला आणि असा आत शिरून अनेकदा उसळणारा प्रकाश मोजणं त्यामुळे शक्य झालं. पत्र्याचा रोबो प्रकाश परत फेकतो, हा थोडा आत घेतो. त्याला मिठी मारावीशी वाटते त्यात या भौतिकशास्त्राचा वाटा मोठा आहे. पुढे त्याला लाल चिलखत चढवतात आणि प्रकाश आत जायचा थांबतो, तेव्हा तो लगेच दूरचा वाटू लागतो.

‘द वाइल्ड रोबोट’ने (२०२४) यापुढचं पाऊल टाकलं. ख्रिस सँडर्सच्या या चित्रपटातलं जंगल कुंचल्याच्या फटकाऱ्यांनी रंगवल्यासारखं आहे, आणि त्यात वाहून आलेली रॉझ ही रोबो सुरुवातीला स्वच्छ, रेखीव, संगणकी. ती तिथे उपरी आहे हे कथेआधी तिची कातडी सांगते. मग ओरखडे, पोचे, शेवाळं, तुटलेल्या पायाच्या जागी लाकडी ठोकळा. पण खरी करामत यापलीकडे आहे. बेटावर रुळत जाते तशी ती स्वतःही रंगवलेली दिसू लागते, कुंचल्याचे फटकारे तिच्या अंगावर चढतात. म्हणजे बदलते ती फक्त झीज नव्हे, रंगवण्याची पद्धतच. सगळ्यांचं लक्ष वास्तवाच्या मोजमापाकडे लागलेल्या काळात मला हा निर्णय फार धाडसी वाटतो. असाच, उलट दिशेचा प्रश्न १९९९ च्या ‘द आयर्न जायंट’पुढे होता. बाकी चित्रपट हाताने काढलेला, राक्षस तेवढा संगणकाचा. तो हाती काढलेल्या माणसांत खपावा म्हणून त्याच्या रेषा मुद्दाम किंचित थरथरवणारा प्रोग्राम लिहावा लागला.

आणि तरी या सगळ्या कारागिरीला एक हद्द आहे. ‘वॉल-ई’च्या शेवटाकडे ईव्ह त्याला चिरडलेल्या अवस्थेत त्याच्या जुन्या घरी आणते, सुटे भाग बदलते, छत फोडून ऊन देते. तो उठतो. सातशे वर्षांच्या एकट्या कामाचा हिशोब सांगणारा तोच पिवळा, तेच पोपडे, अंगावर तीच धूळ. पण तो ईव्हला ओळखत नाही. आयुष्यभर जपलेल्या वस्तू उचलून त्यांचे ठोकळे करायला लागतो. प्रेक्षकाला ते पहिल्या दोन हालचालींत कळतं, डोळ्यांच्या दुर्बिणी कशा वळल्या आणि कशा नाही वळल्या यावरून. रंगात, रफनेसमध्ये, गंजात शोधून सापडेल असं तिथे काहीही बदललेलं नाही. हा प्रसंग पूर्णपणे ॲनिमेटरांचा आहे, टेक्स्चरिंगवाल्यांना त्यात करायला काही उरलेलं नव्हतं.